शाळेसमोरचा चौक

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात एका शिक्षकाने एखाद्या शैक्षणिक विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा माझी पाळी आली. मुख्याध्यापक साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "शाळेसमोरचा चौक." साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हा शैक्षणिक विषय आहे का?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

आपला चौक आपणा सर्वांच्या पायाखालचा आहे, तरीही त्याचे थोडे वर्णन करतो. रोजची वस्तू आपण पाहत असतो, पण ती आपल्याला दिसत नसते. शाळेची गल्ली जेथे मोठ्या रस्त्याला मिळते तेथे डाव्या हाताला चहाचे हॉटेल आहे, उजव्या हाताला पंक्चरचे दुकान आहे, त्याला लागून विजेचा खांब आणि खांबाला टेकून फळांची हातगाडी. समोरची गल्ली मशिदीकडे जाते. ऑटो याच तोंडाशी उभे राहतात. सकाळी शाळा भरताना आणि सायंकाळी सुटताना पालकांच्या मोटारसायकली याच कोपऱ्यावर थांबतात. शुक्रवारी जुम्याच्या नमाजेची गर्दी आणि शाळा सुटण्याची वेळ एकच येते. हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर येथूनच वळतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपणा सर्वांना आनंद आहे, पण हळदीचा हंगाम आला की पोत्यांनी भरलेली वाहनेही याच कोपऱ्याने वळतात. कारखाना आणि बाजारपेठ ही आपल्या गावाची भाकर आहे, त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. एवढेच सांगायचे आहे की, या सगळ्यांच्या मधून आपली पहिली-दुसरीतली मुले दप्तर पाठीला लावून जातात.

मागच्या पावसाळ्यात एका सायंकाळी शाळा सुटल्यावर तिसरीतला एक मुलगा या कोपऱ्यावर मोटारसायकलीखाली आला. त्याचे नाव मी घेणार नाही, आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊक आहे. गाडी चालवणारा तरुण कोणी परका नव्हता. कॉलेजातला मुलगा, आपल्याच शाळेतून आपल्या धाकट्या बहिणीला घ्यायला तो घाईने येत होता. मुलाचा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर होते, पहिल्या घटक चाचणीला तो बसू शकला नाही. आता तो चालतो. मधल्या सुट्टीत मात्र व्हरांड्याच्या खांबाला टेकून इतर मुलांचा खेळ पाहत असतो, पळत नाही.

तो मुलगा दोन उभ्या मोटारसायकलींच्या मधून रस्त्यावर आला होता. त्यांतली एक माझी होती.

शाळेच्या आवारात त्या दिवशी चिखल होता. चाके भरतील म्हणून मी गाडी बाहेर कोपऱ्यावर लावली होती. पावसामुळे टाकीवर रेनकोट टाकला होता, त्यामुळे ती आणखी उंच झाली होती. तिसरीतल्या मुलाच्या डोळ्यांची उंची साधारण त्या टाकीच्या थोडी वर असते. त्याला पलीकडचे दिसले नाही, आणि येणाऱ्या तरुणाला तो दिसला नाही. पोलिसांचा पंचनामा झाला असता तरी त्यात माझ्या गाडीचा उल्लेख आला नसता, कारण उभी गाडी कोणाला धडकत नाही. ही गोष्ट मी कित्येक दिवस कोणाला सांगितली नाही. त्या मुलाच्या आजीने दवाखान्यात माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "सर, तुम क्यूँ इत्ता परेशान होते? बच्चे का नसीब था." तेव्हाही मी गप्प राहिलो.

त्या आठवड्यात गावात या अपघाताची दोन कारणे ऐकू आली. एक आजीने सांगितले ते, नशीब. दुसरे, पोरगे खोडकर, बघून चालत नाही. या दोन्ही कारणांत एक सोय आहे. ती मान्य केली की बाकीच्या कोणालाच काही करावे लागत नाही. नशिबावर श्रद्धा मीही ठेवतो. पण आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण सर्वांनी मदरशात असल्यापासून ऐकली आहे. त्या कोपऱ्यावर उंट कोणी बांधला होता?

आणि खोडकरपणाचे म्हणाल तर मी शिक्षक या नात्याने सांगतो की, सात-आठ वर्षांच्या मुलाकडून रस्त्यावर मोठ्या माणसासारख्या वर्तनाची अपेक्षा करणे हीच मुळात चूक आहे. स्वीडनमधील बालमानसशास्त्रज्ञ स्टीना सांडेल्स यांनी १९६०च्या दशकात मुलांच्या रस्त्यावरील वर्तनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. लहान मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालता येत नाही, आवाज कोणत्या दिशेने आला हे नीट कळत नाही, आणि समोर चेंडू किंवा आई दिसली की बाकी सर्व विसरले जाते, असे त्यांना आढळले. केवळ शिकवून लहान मुलाला रहदारीत सुरक्षित करता येत नाही, रहदारीच मुलाला साजेशी करावी लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. वर्गात "आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे पाहा" हे मी अवश्य शिकवतो आणि यापुढेही शिकवीन. पण उजवीकडे पाहिल्यावर माझ्या मोटारसायकलची टाकीच दिसत असेल तर त्या पाठाचा उपयोग काय?

अपघाताचा दुसरा परिणाम मला हजेरीपटावर दिसला. सातवीनंतर आपल्या मुलींना मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या हायस्कूलला जावे लागते. मुलींची नावे सातवीनंतर कमी का होतात याविषयी आपण या व्यासपीठावरून अनेकदा ऐकले आहे. गरिबी, लग्नाची घाई, घरकाम ही कारणे आहेतच. पण या वर्षी दोन घरी मी समजावण्यास गेलो तेव्हा दोन्ही ठिकाणी आईने एकच सांगितले, "सर, पढ़ाई से इन्कार नहीं. वो रास्ता अकेली कैसी पार करेगी?" त्या माउलींना मी अडाणी कसे म्हणू? त्यांनी तो कोपरा डोळ्यांनी पाहिला होता. मुख्याध्यापक साहेब, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. ज्या चौकामुळे मुलीचे नाव पटावरून कमी होते तो चौक शैक्षणिक विषय आहे.

आता आपण गावाबाहेर थोडे पाहू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातील होती. मेलेल्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरील माणसांचा आणि त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा आहे. म्हणजे ज्यांच्याभोवती लोखंडाचा पत्रा नाही त्यांचा. आपल्या चौकातून जाणारे बहुतेक सर्वजण याच दोन प्रकारांत मोडतात.

आठवीच्या वर्गात मी याचे गणित घातले. ते विद्यार्थ्यांनी फळ्यावर सोडवले, आपणही मनातल्या मनात सोडवून पाहा. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते, ताशी ६० ची जवळपास १७ मीटर. मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्यानंतर ब्रेक धरतो. कोरड्या डांबरावर ३० च्या वेगातली गाडी आणखी ५ मीटर घसरत जाऊन थांबते, तर ६० च्या वेगातली जवळजवळ २० मीटर. एकूण १३ मीटर आणि ३७ मीटर. आपल्या वर्गाची लांबी ८ मीटर आहे. पहिली गाडी दोन वर्गांच्या आत थांबते, दुसरीला साडेचार वर्ग लागतात. वेग दुप्पट केला तर धक्क्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. हे फळ्यावर आले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, मग पावसात?" मी म्हणालो, पावसात त्याहून जास्त, आणि चाकाची नक्षी झिजलेली असेल तर विचारूच नकोस. गणिताच्या तासाला एवढी शांतता मी क्वचितच अनुभवली आहे. जगभरातील तज्ज्ञ शाळांच्या परिसरात ताशी ३० हीच मर्यादा असावी असे सांगतात. २०२० साली स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यातही, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे हाच आकडा सुचवलेला आहे.

गणितानंतर मुलांनीच मागणी केली की चौकात काय चालते ते पाहू या. त्यांना रस्त्यावर उभे करणे मला मान्य नव्हते. म्हणून एक आठवडा सकाळ-सायंकाळ दोन-दोन विद्यार्थी गच्चीवर वही घेऊन बसले. कोणते वाहन कोठे थांबले, किती वेळ थांबले, मुले कोठून रस्ता ओलांडतात, हे लिहिण्यास सांगितले होते. माझी समजूत अशी होती की दोष बाहेरगावच्या ट्रकांचा आणि उसाच्या ट्रॅक्टरांचा निघेल. वही पाहिली तर कोपरा अडवणारी बहुतेक वाहने आपलीच होती. मुलाला फाटकापर्यंत पोहोचवायचे म्हणून आलेल्या पालकांच्या मोटारसायकली, आमच्या शिक्षकांच्या गाड्या आणि आपल्या मुलांना आणणारे ऑटो. प्रत्येक पालक आपले मूल सुखरूप उतरवून जात होता आणि दुसऱ्याच्या मुलाची दृष्टी अडवत होता. वहीत एका मुलीने मी विचारले नव्हते तेही लिहून ठेवले होते: "लहान मुले झेब्रा पट्टे जिथे असायला पाहिजेत तिथून जात नाहीत, फळाच्या गाडीमागून जातात, कारण तिथे सावली आहे." एवढे निरीक्षण मोठमोठ्या साहेबांच्या अहवालात सापडत नाही.

असे प्रश्न केवळ आपलेच आहेत असे समजू नका. हॉलंड देशात आज मुले सायकलवरून एकटी शाळेत जातात हे आपण ऐकतो आणि म्हणतो, ते लोकच शिस्तीचे. परंतु १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या एका पत्रकाराची मुलगी त्याच वर्षी शाळेला जाताना मोटारीखाली सापडून गेली. त्याने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि "बालहत्या थांबवा" असे उघड म्हटले. त्यातून पालकांची चळवळ उभी राहिली. आयाबाया मुलांना घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांनी गल्ल्या अडवल्या, तेथे जेवणाची टेबले मांडली. १९७६ साली तेथील सरकारने वस्तीतल्या अशा रस्त्यांना कायद्याने मान्यता दिली की जेथे चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्या मुलाचा हक्क पहिला आणि मोटारीचा नंतर. ही शिस्त त्यांच्या रक्तातून आलेली नाही, आपली मुले पुरल्यानंतर आलेली आहे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईत भायखळ्याला मिर्झा गालिब मार्ग आहे. पूर्वी त्याला क्लेअर रोड म्हणत. (रस्त्याला गालिबचे नाव द्यावे आणि त्यावरून चालणे कठीण व्हावे, यावर त्या थोर शायराने नक्कीच काहीतरी म्हटले असते.) या मार्गावर ख्राइस्ट चर्च स्कूल आहे. तेथे २०२२ साली मुंबई महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संस्था यांनी मिळून शाळेपुढचा रस्ता मुलांसाठी सुरक्षित करण्याचा प्रयोग केला. मला त्यात विशेष वाटले ते हे की, त्यांनी आरंभी काँक्रीट ओतले नाही. रंग, शंकू आणि तात्पुरते कठडे वापरून मुलांना चालण्याची आणि थांबण्याची जागा आखली, ओलांडण्याचे पट्टे ठळक रंगात रंगवले, पाट्या लावल्या. आधी तात्पुरते करून पाहावे, जमले तर पक्के करावे. आपल्या आया नवीन कपड्याला आधी कच्ची शिलाई घालतात, त्यातलाच हा प्रकार.

आम्ही शिक्षकांनी गेल्या दोन महिन्यांत जी कच्ची शिलाई घातली ती आता सांगतो. क्रीडांगण आखण्यासाठी शाळेत चुन्याची फक्की असतेच. ती घेऊन कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलांची रेघ ओढली आणि त्या रेघेच्या आत कोणतेही वाहन उभे राहणार नाही असे ठरवले. पहिल्या प्रथम शिक्षकांच्या गाड्या आत आवारात घेतल्या. चिखलाच्या जागी संस्थेने दोन ब्रास मुरूम टाकून दिला, त्याबद्दल मी अध्यक्ष महोदयांचा आभारी आहे. हा मुरूम एक पावसाळा आधी पडला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. शाळा एकदम सोडण्याऐवजी पहिली ते चौथी दहा मिनिटे आधी सोडू लागलो. रोज एक शिक्षक शिट्टी आणि लाल फडके घेऊन कोपऱ्यावर उभा राहतो आणि मुलांना घोळक्याने पार करतो. महाराष्ट्रातील अनेक शाळांत आर. एस. पी. म्हणजे रस्ता सुरक्षा दल आहे, तेही आपण सुरू करावे असे मला वाटते. मात्र रहदारी थांबवण्याचे काम मोठ्या माणसाचेच असले पाहिजे, मुलांनी पदपथावर राहून लहानांना रांगेत धरावे, इतकेच.

सर्व सुरळीत झाले असे नाही. फक्की पावसाने दोनदा वाहून गेली. एका पालकांनी, "रस्ता काय शाळेच्या मालकीचा आहे का?" असे मला सर्वांसमोर सुनावले. कायद्याने ते बरोबरच बोलले. फळवाल्याविषयी काही मंडळींचा आग्रह होता की त्याला आधी हाकला. गरिबाला हाकलणे सर्वांत सोपे असते, म्हणून ते सर्वांना आधी सुचते. त्याच्याशी बोललो तेव्हा तो गाडी पंधरा पावले मागे, लिंबाच्या सावलीत नेण्यास तयार झाला. सावली हलली तशी मुलेही हलली, आणि आता ती मोकळ्या जागेवरून ओलांडतात. त्या मुलीच्या वहीतली ओळ अशी उपयोगी पडली.

अनेक पालकांची मागणी आहे की एक गतिरोधक टाका. मागणी योग्य आहे. पण रातोरात मुरूम-सिमेंटचा उंचवटा करून मोकळे होणे योग्य नाही. अंधारात असा उंचवटा दिसत नाही, दुचाकीच्या मागे मूल घेऊन बसलेली बाई त्यावरून फेकली जाते. गतिरोधकाचे माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि मधली उंची १० सेंटीमीटर असते, म्हणजे गाडी ताशी २५ च्या आसपास वेगाने न आदळता पार होते. त्यावर रंगाचे पट्टे आणि अलीकडे सूचनेची पाटी हवी. आपल्याकडे वीतभर रुंद आणि वीतभर उंच असे जे केले जाते त्याने गाडीचा आणि माणसाचा कणा तेवढा मोडतो.

म्हणून अर्ज योग्य ठिकाणी गेला पाहिजे. गल्ली नगर परिषदेची, मोठा रस्ता ज्या खात्याचा असेल त्या खात्याचा, आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांचे. आपण एकाच कागदावर "मे. साहेब यांस" लिहून सगळे मागतो आणि तो कागद टेबलांवर फिरत राहतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालता येतात. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी अर्धा अर्धा तास उसाच्या ट्रॉल्या थांबवाव्यात, एवढेच आपण मागत आहोत. आमचा पहिला अर्ज देऊन बरेच दिवस झाले, उत्तर आलेले नाही. पोच मात्र माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या अर्जाला मुलांची वही आणि चौकाचा नकाशा जोडला आहे.

ट्रॉलीवरून आठवले. विद्यार्थी मित्रांनो, हे नीट ऐका. ट्रॅक्टर वळतो तेव्हा त्याच्या मागच्या ट्रॉल्या त्याच्याच चाकोरीतून वळत नाहीत. त्या आतल्या बाजूने, कोपरा कापत येतात. ट्रॅक्टर तुमच्यापासून चार हात लांबून गेला म्हणून तुम्ही कोपऱ्यावर उभे राहाल, तर दुसरी ट्रॉली तुमच्या पायांवरून जाईल. ड्रायव्हरला तुम्ही दिसतही नाही. ट्रॅक्टर वळताना दिसला की कोपऱ्यापासून मागे, भिंतीला लागून उभे राहायचे. आणि चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढायचा नाही. तो गोड असतो हे मला माहीत आहे, मीही लहानपणी ओढला आहे.

आता पालकांना जरा कडू बोलतो. आठवी-नववीतल्या मुलाला गाडी चालवता येते याचे आपल्या घरांत मोठे कौतुक असते. "आमचा पोरगा बाजार करून आणतो," असे वडील अभिमानाने सांगतात. १८ वर्षांखालील मुलाला मोटारसायकलचा परवाना मिळत नाही. १६ व्या वर्षी फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १९९-अ आले आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. वीस वर्षांचा झाल्यावर त्याला डिलिव्हरीची किंवा ड्रायव्हरची नोकरी चालून आली तर? आपल्या समाजातील किती घरे गाडीच्या चाकावर चालतात हे मी सांगण्याची गरज नाही.

हेल्मेट चार वर्षांवरील प्रत्येकाला आवश्यक आहे, मागे बसलेल्या मुलालाही. त्याहून लहान मुलासाठीही २०२२ साली नियम झाला आहे: मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि वेग ताशी ४० पेक्षा जास्त नाही. टाकीवर मूल उभे करून जाणारे बाप मी रोज पाहतो. ते मूल फार खूश असते.

आणखी एक. त्या सायंकाळी मुलगा रस्त्यावर पडला होता तेव्हा भोवती गर्दी जमली, पण उचलण्यास कोणी पुढे येईना. "पुलिस का लफड़ा" हे शब्द मी स्वतः ऐकले. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयाने आणि पुढे कायद्यातील कलम १३४-अ ने जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. मान किंवा पाठीला मार असेल तर चौघांनी हातपाय धरून उचलू नका.

रस्त्यातून त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच एक भाग आहे, हे आपण लहानपणी शिकलो. तेव्हा आम्हाला उस्ताद काट्याचे आणि दगडाचे उदाहरण देत. माझी मोटारसायकलही त्यात मोडते, हे समजण्यास मला बी. एड. होऊनही बरीच वर्षे लागली.

त्या मुलाच्या घरी मी गेल्या महिन्यात गेलो. गाडी कोणाची होती ते आजीला आणि त्याच्या अब्बांना सांगितले. अब्बा काही बोलले नाहीत, बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. नंतर चहा आला. मी निघालो तेव्हा ते गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आले आणि म्हणाले, "सर, कोपऱ्यावर सकाळी कोण उभे राहते?" मी म्हणालो, पाळीप्रमाणे एक शिक्षक. ते म्हणाले, "मंगळवार मेरेको देव."

तेव्हा मंगळवार भरला आहे. सोमवार आणि शनिवार शिक्षक सांभाळतील. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार सकाळ-सायंकाळ अर्धा तास मोकळे आहेत. बाहेर पडताना दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे, शेजारी पेन बांधलेले आहे. शुक्रवारसाठी दोन नावे लागतील. दुसऱ्या पानावर जिल्हा समितीकडे जाणाऱ्या अर्जासाठी सह्या करावयाच्या आहेत. मातांनीही सह्या कराव्यात, अंगठा असेल तरी चालेल. ज्यांच्या गाड्या या क्षणी कोपऱ्यावर रेघेच्या आत उभ्या आहेत त्यांनी कृपया आधी त्या काढाव्यात, म्हणजे कार्यक्रमानंतर लहान मुलांना आधी सोडता येईल.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.